कोळंबीच्या कारखान्यातली क्वालिटी

नीट झालेल्या कामाची गोष्ट होत नाही. माल चांगला आला, सोलला, गोठवला, कंटेनरमध्ये बसून उरणच्या बंदराकडे गेला, की संपलं. त्यावर कोणी कट्ट्यावर बसून बोलत नाही. गोष्ट होते ती फजितीची. आमच्याकडे क्वालिटी आल्यापासून तर असं झालं, की कोल्ड स्टोरेजात माल कमी आणि बाहेर गोष्टी जास्त. एक सांगायला घ्यावी तर तिला धरून दुसरी येते.

बाकीचे त्या हसत सांगतात. सांगू देत. मी सांगतो तेव्हा मला हसू येत नाही.

मी त्या कारखान्यात रिसीव्हिंगचा मुकादम. होडीतून, टेम्पोतून येणारी कोळंबी उतरवून घेणं, बघणं, आत पाठवणं हे माझं काम. शिक्षण चौथी. त्याची लाज मला कधी वाटली नाही. वाटली ती पुढच्या गोष्टींची.

कारखाना मांडव्याच्या पुढे, खाडीकाठी. मालक शेठ. ते मुंबईत राहतात, कॅटमरान बोटीने येतात-जातात. आत कोळंबी सोलायला बायका. त्यांची म्होरकी हिराबाई, आमच्याच कोळीवाड्यातली. तिच्या तोंडाला कोणी लागत नाही, मीसुद्धा.

आणि सुजाता. गावातल्या बौद्धवाडीची पोर. तिचा बाप एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. पाठ गेली, घरी बसला. पोरगी एम.एस्सी. झाली आणि आमच्याकडे क्वालिटीची मॅडम म्हणून लागली. घर तिच्या पगारावर.

परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने शेठना कळवलं होतं, आमचा माणूस येऊन कारखाना तपासेल, पास झालात तरच माल घेऊ. शेठनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि सुजाताला आमच्यासमोर सांगितलं, "ऑडिट पास झालं तर तू पर्मनंट. नाही झालं तर आपापला रस्ता."

असं चारचौघांत सांगायचं नसतं. ती "हो सर" म्हणाली. आम्ही सगळे आपापल्या गमबुटांकडे बघत होतो.

•

तिचा पहिला नियम नखांचा. सकाळी दारात उभी राहायची आणि एकेकाला म्हणायची, "हात दाखवा."

मी खिशातून हात काढले नाहीत. ज्या पोरीला मी बापाच्या सायकलवर पुढे बसलेली पाहिली, तिच्यापुढे मी नखं दाखवायची?

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "नाना, तुम्ही दाखवलीत तर बाकीचे दाखवतील. नाहीतर कोणीच दाखवणार नाही."

दाखवली. कान तापले होते. माझ्यामागे पुरुषांनी निमूट हात पुढे केले. मग हिराबाईची पाळी आली. तिच्या अंगठ्याचं नख हे एवढं लांब.

"मावशी, हे कापावं लागेल. नखात घाण राहते, ती मालात जाते."

"कापते," हिराबाई म्हणाली. "मंग कोलंबी काय दातांनी सोलू?"

खरंच होतं ते. सोलणाऱ्या बाईचं हत्यार म्हणजे अंगठ्याचं नख. सालीखाली घातलं की एका झटक्यात कोळंबी मोकळी. सुजाताने वाद घातला नाही. शेठच्या मागे लागून चांगले रबरी हातमोजे आणवले. नख आत राहील, घाण बाहेर येणार नाही. बायकांनी मोजे घातले. कोणी कुरकुर केली नाही. सुजाता खूश झाली. मला म्हणाली, "बघा नाना, समजावून सांगितलं की ऐकतात."

सुटी झाल्यावर मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले होते. मी जाता जाता पाहिलं. एकूणएक मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

ती तिथेच उभी होती. तिनेही पाहिलं.

•

ही पेल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. मी सांगतो.

हॉलबाहेर पाण्याचा माठ होता. त्यावर स्टीलचा एक पेला. सगळे त्यातच पीत. सुजाता आली आणि तीही त्याच पेल्याने प्याली. आठवडा झाला नसेल, दोन-तीन बायका घरून आपापला पेला आणू लागल्या. मग आणखी चार जणी.

मी एकीला विचारलं, "हे काय नवीन?"

"हायजीन हाय ना नाना. मॅडमच सांगतात, दुसऱ्याचं उष्टं नको."

मॅडमने असं काही सांगितलं नव्हतं. मला कळलं. सुजाताला आमच्याही आधी कळलं असणार. ती याच गावात वाढली.

दुसऱ्या दिवशी माठावरचा पेला गेला. तिथे सूचना लागली. सामायिक पेला बंद, प्रत्येकाने नाव घातलेला आपला पेला आणावा. खाली सुजाताची सही. आता सगळ्यांचेच पेले वेगळे झाले. कोण कशासाठी वेगळा पेला आणतंय, हे ओळखायची सोयच राहिली नाही. शेठना तर तो नियम फार आवडला.

मग एकदा उन्हाचा तडाखा होता आणि हिराबाई पेला घरी विसरली. घशाला कोरड पडून ती माठापाशी उभी. सुजाताने आपला पेला भरून पुढे केला. "घ्या मावशी."

हिराबाईने पेला हातात घेतला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोण बघतंय ते पाहिलं आणि मग प्याली.

मीही बघत होतो. मी मान तरी दुसरीकडे वळवायला हवी होती.

•

मग पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत आली. सुजाताने शिकवलं. घोटाळा झाला की वरवर उत्तर घ्यायचं नाही. का झालं, ते विचारायचं. आलेल्या उत्तरावर पुन्हा का. असं पाचदा. पाचव्या 'का'ला मूळ सापडतं.

पद्धत साधी आहे. लहान पोरं तेच करतात आणि मार खातात.

एकदा मालाचे क्रेट मधोमध कोमट निघाले. सुजाताने सगळ्यांना गोल उभं केलं. शेठही त्या दिवशी आले होते, दाराशी उभे राहून कौतुकाने बघत होते.

"क्रेट गरम का झाले?"

"बर्फ कमी घातला," एक जण म्हणाला.

"बर्फ का कमी पडला?"

बर्फाच्या मशीनवर इक्बाल असतो. सरळ माणूस. तो म्हणाला, "टेम्पो भरून बाहेर गेला."

"बाहेर का गेला?"

"वरून फोन आला."

"फोन का आला?"

इक्बालने माझ्याकडे पाहिलं. टेम्पो माझ्या डोळ्यांदेखत भरला होता. मी छताकडे पाहिलं. इक्बाल म्हणाला, "किहीमच्या बंगल्यावर पार्टी होती. गारेगार करायला बर्फ पाहिजे होता."

पाचवा 'का' शिल्लक होता.

दाराशी शेठ खाकरले. "माझ्या भाच्याचा वाढदिवस होता."

मीटिंग तिथेच सुटली. जाताना शेठ सुजाताला म्हणाले, "पद्धत उत्तम आहे. पण आपला कारखाना लहान. आपण तीनदाच विचारत जाऊ."

तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही घोटाळ्याचं मूळ कारण एकच निघतं. वरून फोन आला.

•

काट्यांच्या चित्राची गोष्ट तर आता आसपासच्या गावांतही गेली आहे.

पाकिटात सालीचे तुकडे सापडतात, अशी गिऱ्हाइकाची तक्रार आली होती. ऑडिटच्या आधी तिचं उत्तर द्यायला हवं होतं. सुजाताने शेठच्या विनवण्या करून मुंबईहून एक शिकवणारे सर बोलावले. सरांनी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला. एक मणका, त्याला तिरपे काटे, पुढे डोकं.

"डोक्यात प्रॉब्लेम लिहायचा," सर म्हणाले, "आणि एकेका काट्यावर एकेक कारण. माणसामुळे, मशीनमुळे, मालामुळे, पद्धतीमुळे. सगळ्यांनी बोलायचं. कोणाचंच चूक नाही."

मग विचारलं, "बोला. काय दिसतंय?"

हिराबाई म्हणाली, "कंचा मासा हाय ह्यो?"

सर हसले. "कोणताही समजा."

"कंचाबी मासा कसा आसंल? मासा म्हटला की त्याला नाव आसतं."

"पाला हाय," इक्बाल म्हणाला. "काटे बगा केवढे."

"पाल्याचे काटे आसे सरल नसतात. घोल हाय घोल."

"घोलीला इतके काटे कुठून आणलेस? तुझ्या सासरी मिलते का तसली?"

झालं. ज्या बायका मीटिंगमध्ये हूं की चूं करत नसत, त्या एकदम बोलू लागल्या. एकीने उठून फळ्यावर शेपूट दुरुस्त केली. सर दोन-तीनदा "ओके, ओके, पण कारण" म्हणाले. कोणी ऐकलं नाही. चहा आला. चहावर सुरमईची बाजू घेणाराही एक निघाला, त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. सरांची मांडव्याहून बोट होती. ते घड्याळ बघत निघून गेले.

सुजाता खडू हातात घेऊन उभी होती. एकही काटा भरला नव्हता.

तेवढ्यात शेठ आत आले. "काय मग, तासभर बोललात. कारण काय निघालं?"

हिराबाई म्हणाली, "कारन न्हाय निघालं शेठ. पन मासा पाला हाय, यावर सगल्यांचं जमलं."

शेठ सुजाताकडे बघत राहिले. मग वळून निघून गेले. सगळे गेल्यावर तिने एकटीने फळा पुसला. आम्ही माशातली माणसं. मासा कोणता हे आम्हाला सांगता आलं. आपल्याला कशासाठी बोलावलंय, हे एकालाही आठवलं नाही. मला तरी कुठे आठवलं? मीही घोळीच्या बाजूने बोललो होतो.

•

पुढे सुऱ्यांचा फळा. सोललेल्या कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा सुरीने काढतात, त्या सुऱ्या.

प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी, आणि वस्तू जागेवर हवी. हे मला पटलं. होडीवरही तसंच असतं. अंधारात हात घातला की दोरी मिळाली पाहिजे. सुजाताने भिंतीला पांढरा फळा लावला आणि त्यावर एकेका सुरीची लाल आकृती रंगवून घेतली. सुरी नेली की आकृती रिकामी दिसते. संध्याकाळी रिकामी राहिली तर समजायचं, सुरी हरवली. मालात तर गेली नाही ना, ते शोधायचं. चांगली रीत.

फळा कायम भरलेला असायचा. कधीही बघा, सगळ्या सुऱ्या ओळीत. शेठनी त्याचा फोटो काढून परदेशी पाठवला. तिकडून शाबासकी आली. सुजाताच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा ऊन पाहिलं.

एक दिवस ती कोणाला तरी दाखवायला फळ्यावरची सुरी काढायला गेली. सुरीवर गंजाचे ठिपके. दुसरी काढली. तिच्यावरही. मग ती वळली आणि तिने हिराबाईच्या हाताकडे पाहिलं. मुठीला चिंधी गुंडाळलेली जुनी सुरी.

"मावशी, ही कुठली?"

"घरची."

"आणि फळ्यावरच्या?"

"त्या क्वालिटीच्या," हिराबाई समजुतीने म्हणाली. "त्यांना हात लावला तर जागा रिकामी दिसंल. तुमालाच बोलनी बसतील."

सगळ्या बायकांनी कमरेच्या सुऱ्या काढून दाखवल्या. घरच्या. कोणाची हरवली असती तर कळायचा मार्गच नव्हता. आणि हे त्या सुजाताच्या भल्यासाठी करत होत्या.

त्या दिवशी तिने सगळ्या सुऱ्या स्वतः घासल्या. मी मदत करू का विचारलं. "नको नाना," म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं ना?"

रिसीव्हिंग हॉलच्या बाहेर आहे, मला आतलं दिसत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

•

ऑडिट जवळ आलं तशी शेठनी तालीम ठेवली. शेठ स्वतः ऑडिटर झाले. त्यासाठी पांढरा कोट घातला, डोक्याला जाळीची टोपी. हातात काहीतरी हवं म्हणून टॉर्च घेतली.

सुजाताने बायकांकडून उत्तरं पाठ करून घेतली होती. जेवणाच्या सुटीत एकेकीपाशी बसून. कोळंबी जमिनीवर पडली तर काय करायचं? उचलून लाल डब्यात टाकायची, हात धुवायचे. एवढंच.

शेठ हॉलमधून फिरले. टॉर्च उगाच इकडेतिकडे मारली. हिराबाईपाशी थांबले.

"बाई, कोळंबी खाली पडली तर काय करता?"

"तुमी असलात तर फेकतो."

शेठ कोटातल्या कोटात ताठ झाले. "आणि मी नसलो तर?"

हिराबाईने थोडा विचार केला. "मंग पडतच न्हाय."

काय हसले सगळे. मशीनवाले बाहेरून आत येऊन हसले. शेठही शेवटी हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

सुजाता हसली नाही. हशा ओसरल्यावर ती हिराबाईच्या जवळ गेली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मावशी, माझी नोकरी आहे हो ही."

त्या दिवशी हिराबाईने जेवणाचा डबा उघडला नाही. तसाच घरी नेला.

•

आता ऑडिटची गोष्ट.

ऑडिटर आला तो नेमका हंगामाच्या तोंडाला. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, होड्या नुकत्या सुटलेल्या. आमच्या कोळीवाड्याची एक रीत आहे. हंगामाची पहिली पाटी, म्हणजे मालाची पहिली टोपली, धक्क्यावर आली की तिला हळदकुंकू वाहायचं. मुकादमाने ती डोक्याला लावायची आणि आत घ्यायची. तिला नाक लावायचं नाही, तिच्यात बोट घालायचं नाही. दर्याने पहिलं दिलं, त्याची पारख करत नाहीत. कारखाना आला तरी ही रीत राहिली. शेठनीही कधी हरकत घेतली नाही.

ऑडिटर केरळकडचा होता. शांत माणूस, हिंदीत बोलायचा. सगळं बघत होता, कमी विचारत होता. हॉलमध्ये बायकांच्या हातात फळ्यावरच्या सुऱ्या. मोजे नवे, भोक नसलेले. त्याने हिराबाईला तोच प्रश्न विचारला. कोळंबी खाली पडली तर?

"फेकते. मंग हात धुते," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता सुजाताकडे बघितलं.

सगळं नीट चाललं होतं. तो रिसीव्हिंगला माझ्याकडे आला आणि त्याच वेळी पहिली होडी लागली.

होडी माझ्या मुलाची होती. दिनेशची.

कोळीवाड्यातली माणसं धक्क्यावर जमली होती. माझ्या बायकोने पाटीला हळदकुंकू लावलं. दिनेशने पाटी माझ्यापुढे ठेवली. "बाबा, आपली पहिली."

ऑडिटरने विचारलं, "ये क्या है?"

"सीझन का पहला माल," सुजाता म्हणाली.

"अच्छा. चेक करेंगे ना?"

सुजाताने थर्मामीटर काढला. दिनेशने पाटीवर हात आडवा धरला. "मॅडम, पहिली पाटी हाय. तिला तपासत न्हाय."

शेठ माझ्या कानाशी आले. "नाना, यांना कोल्ड स्टोरेज दाखवायला घेऊन जा. लगेच." मी हललो नाही. ऑडिटरही हलला नाही. तो सुजाताकडे बघत होता.

तिने दिनेशचा हात हलकेच बाजूला केला आणि थर्मामीटर कोळंबीत खुपसला. काटा पाचाच्या आत थांबायला हवा. थांबला नाही. चांगला पुढे गेला.

ती फक्त म्हणाली, "नाना."

दिनेश दबक्या आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आता बौद्धवाडी आमची पाटी परत करनार व्हय?"

तो माझा मुलगा. असं बोल, हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. असं बोलू नकोस, हेही कधी शिकवलं नव्हतं.

सुजाताच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती माझी वाट बघत होती. पाटी घ्यायची की नाही, हे रिसीव्हिंगला मुकादम ठरवतो.

मी खाली वाकलो आणि सगळ्या कोळीवाड्यासमोर पहिल्या पाटीला नाक लावलं. माल उतरला होता, खराब झाला होता. रात्री इंजिन बंद पडलं होतं, बर्फ विरघळला होता, हे मला मागाहून कळलं. तेव्हा फक्त वास कळला.

"परत," मी म्हणालो.

"बाबा," दिनेश म्हणाला. "तुमी नाक लावलंत?"

माझी बायको पदर तोंडाला लावून मागे सरली. मी पाटी उचलली. डोक्याला लावली, कारण रीत आहे. आणि तशीच नाकारलेल्या मालाच्या पिंपात नेऊन ओतली. दिनेश मागोमाग आला. नियम असा, की तो माल पुन्हा कुठे विकला जाऊ नये म्हणून त्यावर ब्लिचिंग पावडर टाकायची. मी डबा घ्यायला हात पुढे केला. दिनेशने तो आधीच घेतला होता. त्याने स्वतः पावडर टाकली. हळदकुंकू लागलेली कोळंबी पांढरी झाली. तो माझ्याकडे बघत नव्हता. सुजाताकडेही नाही.

धक्क्यावरची माणसं एकेक करून निघून गेली.

ऑडिटरने जाताना सुजाताशी हात मिळवला. "ऐसा मैंने बहुत कम देखा है," म्हणाला. संध्याकाळच्या आत शेठना फोन आला. पास.

शेठ पेढे घेऊन हॉलमध्ये आले. सुजाता पर्मनंट झाल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हिराबाईने तिच्या तोंडात पेढा घातला. दिनेश दाराबाहेरच्या नळावर हात धूत होता. पावडरचा वास जाईना, म्हणून पुन्हा पुन्हा धूत होता.

शेठ माझ्यापाशी आले. खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण खरी कमाल केली ती नानांनी. ऑडिटर त्या पाटीवरच खलास झाला. मॅडम, काय बसवलंत हो नाटक. आणि दिनेश जे बोलला, मला तर क्षणभर खरंच वाटलं."

मग नळाकडे वळून हाक मारली, "दिनेश, पुढच्या ऑडिटलाही अशीच एक पाटी आण रे."

नळ बंद झाला. सुजाता थर्मामीटर पुसत होती. ती पुसतच राहिली.